नोकरी सांभाळून राज्यसेवा : आठवड्यातले अठरा तास कुठे लावायचे

नोकरी करत राज्यसेवेचा, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याकडे वेळ कमी असतो, हे सगळेच जाणतात. पण तो नेमका किती, हे कागदावर मांडून पाहिलेले फार थोडे भेटतात. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्या मुलाचं वेळापत्रक कुठल्यातरी टेलिग्राम चॅनेलवरून उतरवून घ्यायचं, तहसील कार्यालयातली किंवा बँकेतली नोकरी करून ते पाळायला जायचं आणि दहा-बारा दिवसांत सगळं सोडून द्यायचं, असं दरवर्षी कितीतरी जणांचं होतं. मग माणूस स्वतःलाच दोष देत बसतो, की आपल्यात जिद्दच नाही. जिद्द असते. वेळापत्रक दुसऱ्याचं असतं.

नोकरदाराने सगळ्यात आधी काय वाचायचं नाही ते ठरवावं आणि जे उरेल त्याला दिवसातले सगळ्यात ताजे तास द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. खालचा सगळा क्रम त्यावरच उभा आहे.

पहिला आठवडा : फक्त नोंद

पहिले सात दिवस अभ्यासाचं काहीच बदलू नका. एक छोटी वही ठेवा आणि दुपारी जेवताना व रात्री झोपण्याआधी, गेले तास कुठे गेले ते लिहा. झोप, ऑफिस, प्रवास, घरकाम, फोन, गप्पा, अभ्यास. मिनिटांचा हिशेब नको, अर्ध्या तासाचा अंदाज पुरे. या आठवड्यात स्वतःला शिस्त लावायला जाऊ नका, नाहीतर नोंद खोटी होते. फोनवर रोज किती वेळ गेला हे फोन स्वतःच सेटिंगमध्ये दाखवतो, तो आकडा तसाच उतरवा.

मग बेरीज करा. आठवड्यात १६८ तास असतात. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे आणि कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. म्हणजे दिवसाला साडेआठ तास, आठवड्याला साडेबेचाळीस. रोज सात तास झोप धरली तर ४९. जाण्यायेण्याला रोज दीड तास, म्हणजे साडेसात. अंघोळ, जेवण, स्वयंपाक, आवराआवर यांना रोज तीन तास, म्हणजे २१. एवढं वजा करून ४८ तास उरतात. त्यातले बारा तरी बाजार, मुलांचा अभ्यास, आईवडिलांचा दवाखाना, पाहुणे आणि लग्नकार्यं घेऊन जातात. राहिले ३६. यातले निम्मे असे असतात की डोळे उघडे असले तरी डोकं चालत नाही.

हातात येतात अठरा. तुमचा आकडा चौदा येईल किंवा बावीस. डोंबिवलीहून लोकलने मुंबईला जाणाऱ्याचा प्रवास दीड तासात संपत नाही, पोलीस शिपायाची साप्ताहिक सुट्टी ऐनवेळी बंदोबस्तात जाते, बँकेत दुसरा आणि चौथा शनिवारच मोकळा. आकडा जो येईल तो तुमचा. तो पाहून निराश होऊ नका. आठवड्याला अठरा म्हणजे वर्षाला साधारण नऊशे तास होतात, आणि नऊशे तासांत पुष्कळ होतं. मात्र ते सगळं नाही होत.

दुसरा आठवडा : सोडायची यादी

इथे सर्वात जास्त वेळ द्या. घाईने पुस्तकं उघडू नका.

आधी परीक्षा एकच ठरवा. बरेच जण राज्यसेवा, गट ब पदांची संयुक्त परीक्षा, सरळसेवा भरती असे सगळे फॉर्म भरतात आणि प्रत्येकाचा थोडाथोडा अभ्यास करतात. अठरा तासांत हे बसत नाही. २०२५ पासून तर राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, गट ब ची मुख्य मात्र वस्तुनिष्ठच आहे. एकीकडे तीन तास हाताने लिहायचं, दुसरीकडे झपाट्याने पर्याय निवडायचे. गट ब च्या पूर्व परीक्षेत एका तासात शंभर प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. दोन्हींचा सराव वेगळा आहे. फॉर्म दोन्ही भरा हवं तर, पण सकाळचा वेळ एकीलाच द्या. ज्यांना लवकरात लवकर पद हवं आहे आणि लिहिण्याचा सराव अगदीच नाही, त्यांनी संयुक्त निवडण्यात कमीपणा वाटून घेऊ नये. इथून पुढचं मी राज्यसेवा धरून लिहितो.

आता गुणांचा तक्ता समोर ठेवा. पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाचे शंभर प्रश्न, दोनशे गुण, दोन तास. सीसॅटचे, म्हणजे आकलन आणि तर्क तपासणाऱ्या दुसऱ्या पेपराचे, ऐंशी प्रश्न, दोनशे गुण, दोन तास. सीसॅट फक्त पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण हवेत. मुख्य परीक्षेत मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी तीनशे गुणांचे पेपर आहेत, तेही पात्रतेपुरते, २५ टक्के म्हणजे ७५ गुण. गुणवत्ता यादीत मोजले जातात ते निबंधाचे २५०, सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांचे १००० आणि वैकल्पिक विषयाच्या दोन पेपरांचे ५००. एकूण १७५०. त्यावर मुलाखतीचे २७५.

हा तक्ताच सांगतो वेळ कुठे जायला हवा. एका रविवारी घड्याळ लावून सीसॅटचा मागच्या वर्षीचा पेपर सोडवा. पुढच्या रविवारी दुसरा. दोन्हींत नव्वदच्या पुढे गेलात तर सीसॅटचा रोजचा अभ्यास बंद, पंधरवड्याला एक पेपर पुरे. सत्तरच्या आसपास घोटाळत असाल तर आठवड्यातून तीन तास राखा आणि त्यातले जास्तीत जास्त उताऱ्यांना द्या. ६६ च्या खाली असाल तर सामान्य अध्ययन बाजूला ठेवून दोन महिने याचंच काम करा, कारण सीसॅटमध्ये अडकलात तर पहिल्या पेपरातले गुण कितीही असोत, निकालात नाव येत नाही. इंग्रजीच्या पेपराची चाचणीही अशीच एकदा घ्या. खेड्यातून आलेल्या कितीतरी हुशार मुलामुलींना इंग्रजीची इतकी धास्ती असते की ७५ गुणांच्या पात्रतेसाठी ते महिनेच्या महिने व्याकरण घोटतात. पेपर सोडवा, कोणाकडून तरी तपासून घ्या, ७५ च्या बरेच वर असाल तर थांबा.

वैकल्पिक विषय निवडताना टॉपर कोणता विषय घेतो हे पाहू नका. पदवीला जे शिकलात ते आयोगाच्या यादीत असेल, तर आधी तेच तपासा. कृषी पदवीधराला कृषी, स्थापत्यवाल्याला स्थापत्य अभियांत्रिकी. नवा विषय शून्यापासून शिकायला जे तीन-चारशे तास लागतील, ते तुमच्या एका वर्षाचे जवळजवळ निम्मे तास आहेत. वाङ्मयाची खरी आवड असेल तर मराठी साहित्य जरूर घ्या, पण आवड आहे की विषय सोपा असल्याचं फक्त ऐकलंय, हे स्वतःला नीट विचारा.

मग पुस्तकं. प्रत्येक विषयाला एक पुस्तक आणि त्याआधी राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं, बस. कपाटात इतिहासाची तीन पुस्तकं असतील तर दोन आजच कोणाला तरी देऊन टाका. चालू घडामोडींसाठी रोज एक वर्तमानपत्र, तेही तीस मिनिटं, आणि महिन्याला एक संकलन. राज्याची आर्थिक पाहणी अर्थसंकल्पाच्या आधी येते, ती मात्र मुळातून वाचा, कारण तिच्यातली आकडेवारी निबंधापासून मुलाखतीपर्यंत कामी येते. टेलिग्राम चॅनेल दोनच ठेवा. बाकीच्यांमधून बाहेर पडा. रोज पडणाऱ्या पीडीएफ साठवणं म्हणजे अभ्यास नव्हे, आणि त्या साठ्याकडे पाहून येणारं दडपण खरंखुरं असतं.

सोडायची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ‘हे मी या वर्षी करणार नाही’ असं शीर्षक द्या. पुढे एखादा मित्र नव्या बॅचबद्दल उत्साहाने सांगेल, तेव्हा हे पान उघडायचं.

चांगले तास कोणाला

पहाटे चारला उठलंच पाहिजे, हा आग्रह मला मान्य नाही. रात्री अकराला झोपणाऱ्या माणसाने चारला उठून केलेला अभ्यास दुपारी फाइलवर मान टाकतो आणि संध्याकाळी घरात चिडचिड होऊन बाहेर येतो. प्रौढ माणसाला सात तास झोप लागते. त्या सातांना हात न लावता जे सलग दोन तास ताजे मिळतील ते शोधा. बहुतेकांना ते सकाळी साडेपाच ते साडेसात असे सापडतात, कारण तेव्हा ऑफिसने अजून डोकं खाल्लेलं नसतं आणि कोणाचा फोन येत नाही. त्यासाठी साडेदहाला झोपायला हवं. म्हणजे सकाळच्या अभ्यासाची तयारी आदल्या रात्री जेवणाच्या वेळेपासून सुरू होते. साडेआठला जेवण, साडेनऊला उद्याचं पान टेबलावर उघडून ठेवणं, दहाला फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. गजरासाठी साधं घड्याळ आणा.

पाळीची नोकरी असेल तर घड्याळाची वेळ ठरवता येत नाही. तेव्हा नियम असा करा की झोपून उठल्यावरचे पहिले दोन तास अभ्यासाचे, मग ते दुपारी दोनला का असेनात.

या दोन तासांत फक्त अवघड काम करायचं. नवा विषय समजून घेणं, उत्तर लिहिणं, चुकलेल्या प्रश्नांचा मागोवा. वर्तमानपत्र इथे नको. नोट्सना रंग देणं, वेळापत्रक सुधारणं, व्हिडिओ पाहणं यांपैकी काहीही इथे नको. सोमवार ते शुक्रवार रोज दोन असे दहा तास, शनिवारी चार, रविवारी सकाळी चार. अठरा झाले. रविवारची दुपार मुद्दाम रिकामी ठेवा. आठवड्यात बुडालेला एखादा दिवस तिथे भरून निघतो, आणि काही बुडालं नसेल तर ती घरच्यांची.

ऑफिसमधले तुकडे

साहेबांच्या बैठकीची वाट पाहण्यात, एसटीत, लोकलच्या फलाटावर, दुपारच्या सुट्टीत सुटे वेळ मिळतात. त्यांत नवं काही शिकायला जाऊ नका, ते टिकत नाही. त्यांची कामं आधीच ठरवलेली हवीत. वर्तमानपत्र आणि जुन्या नोट्स प्रवासात. मागच्या पेपरातले दहा प्रश्न चहाच्या वेळी.

दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं राहत असतील, तर त्यांचा एक फार मोलाचा उपयोग आहे. एक उत्तर हाताने लिहा. दिवसभर कीबोर्डवर काम करणाऱ्यांची हाताने लिहिण्याची सवय गेलेली असते आणि मुख्य परीक्षेत तीन तासांत २५० गुणांचं लिहायचं असतं. दहा गुणांच्या उत्तराला सात मिनिटांच्या आसपासच मिळतात. पहिल्या दिवशी सात मिनिटांत अर्धं पानही होणार नाही. रोज एक उत्तर असं तीन महिने केलं, तर हात आणि विचार दोन्ही वेग धरतात.

ऑफिसचं काम मात्र चोख करा. हे मी नीतीच्या भाषेत सांगत नाही, वेळेच्या हिशेबात सांगतो. ज्याच्या टेबलावर फाइली तुंबलेल्या असतात, त्यालाच साहेब सव्वासहाला थांबवून घेतात. आणि पुढे रजा मागायची वेळ येते, तेव्हा वर्षभराचं कामच तुमच्या बाजूने बोलतं. जास्तीचं काम अंगावर येत असेल तर सरळ नाही म्हणण्यापेक्षा विचारा, ‘साहेब, हे आज घेतो, मग ती माहिती उद्या दुपारी दिली तर चालेल का?’ बरेचदा चालतं.

घरच्यांशी एकदाच, पण स्पष्ट बोलणं

‘मी अभ्यास करतोय, मला त्रास देऊ नका’ हे बोलणं घरात कोणालाच कळत नाही. कधी, किती वेळ, किती महिने आणि त्या बदल्यात मी काय करणार, हे चारही सांगितलं तर कळतं. ‘आई, सकाळी साडेपाच ते साडेसात मला हाक मारू नका. दूध मी रात्रीच आणून ठेवीन. संध्याकाळी सातनंतर मी पूर्ण तुमच्यात आहे. हे पुढच्या वर्षीच्या परीक्षेपर्यंत.’ इतकं नेमकं.

विवाहित स्त्रियांच्या बाबतीत हे बोलणं सगळ्यात कठीण आणि सगळ्यात गरजेचं असतं. साडेपाच ते साडेसात हाच डब्यांचा, पाणी भरण्याचा आणि मुलांच्या शाळेच्या तयारीचा वेळ. मग बाई रात्री साडेदहानंतर पुस्तक उघडते, दिवसातला सगळ्यात थकलेला तास परीक्षेला देते आणि मार्क कमी पडले की घरचे म्हणतात, तुला झेपत नाही. झेपण्याचा प्रश्नच नसतो, तास चुकीचा असतो. ‘जरा मदत करा’ असं म्हणून काही बदलत नाही. कामाचं नाव घेऊन ते कायमचं सोपवावं लागतं. सोमवार ते शुक्रवार सकाळचा डबा आणि मुलाला रिक्षात बसवणं नवऱ्याकडे, संध्याकाळचा स्वयंपाक तुमच्याकडे. पहिले पंधरा दिवस पोळ्या जाड होतील, मोजे उलटे घातले जातील. तेव्हा उठून जाऊन दुरुस्त करू नका. एकदा उठलात की ते काम पुन्हा तुमच्याकडे येतं. पोळीला बाई लावणं परवडत असेल, तर एखाद्या क्लासच्या फीपेक्षा तो पैसा जास्त उपयोगी आहे.

रिव्हिजनची जागा आधी राखा

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच पाठांतराचे प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं, की पाठ केलेलं सगळ्यात वेगाने विसरतं ते सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत, नंतर तो वेग मंदावतो. नोकरदाराचा अभ्यास तुकड्यांत होतो, त्यामुळे त्याला याचा फटका जास्त बसतो. जानेवारीत वाचलेली राज्यघटना जूनमध्ये नवी वाटते.

म्हणून शनिवारचे चार तास नव्या वाचनाला कधीच देऊ नका. पहिले दोन या आठवड्यात जे वाचलं त्याला, पुढचा एक महिन्यापूर्वीच्या विषयाला, शेवटचा चुकांच्या वहीला. रिव्हिजन म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. पुढच्या वेळी फक्त लाल भाग पाहायचा. याने वेळ निम्म्यावर येतो.

चुकांच्या वहीत प्रश्न उतरवत बसू नका, चूक का झाली तेवढंच लिहा. माहीत नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की उगाच ठोकला. पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो, म्हणजे पहिल्या पेपरात अर्धा गुण. शेवटच्या प्रकारच्या चुका जास्त असतील, तर आणखी एक पुस्तक वाचून काहीही फरक पडणार नाही.

जे आठवडे हातात राहत नाहीत

मार्चअखेर, निवडणुकीचं काम, अतिवृष्टीनंतरचे पंचनामे, घरातलं लग्न. हे येणारच. कॅलेंडर घेऊन असे आठवडे आत्ताच रंगवून ठेवा. त्या आठवड्यांसाठी एक छोटं वेळापत्रक वेगळं हवं, रोज पंचवीस मिनिटं, फक्त रिव्हिजन. बुडालेलं भरून काढण्यासाठी पुढच्या आठवड्यात तीस तासांचा बेत करू नका. तो मोडतो आणि त्याच्यासोबत पुढचे दोन आठवडेही जातात. राहिलेल्या भागातला कमी गुणांचा तुकडा सोडायच्या यादीत टाका आणि सोमवारी नेहमीच्या पानावर बसा.

आपण किती प्रयत्न करणार, हेही याच सुमारास घरच्यांना विश्वासात घेऊन ठरवा. खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा आहे म्हणून तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. नोकरी हातात असलेल्याला हे शांतपणे ठरवता येतं.

रजा

रजा हा नोकरदाराचा सगळ्यात मोठा ठेवा, आणि तो बहुतेक जण चुकीच्या वेळी खर्च करतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला आठ किरकोळ रजा आणि तीस अर्जित रजा मिळतात. अभ्यास मागे पडला म्हणून ऑगस्टमध्ये चार दिवस टाकले, तर ते घरकामातच जातात. किरकोळ रजा आजारपण आणि घरच्या अडचणींसाठी ठेवा. अर्जित रजेतले दहा-बारा दिवस पूर्वसाठी आणि उरलेले मुख्यसाठी राखा.

पण तारखा सरकतात, हे विसरू नका. २०२४ ची राज्यसेवा पूर्व एप्रिलमध्ये व्हायची होती, ती पुढे पुढे जात १ डिसेंबरला झाली. २०२५ ची २८ सप्टेंबरला होती, ती पूरस्थितीमुळे ९ नोव्हेंबरला गेली. म्हणून साहेबांच्या कानावर आधीच घाला, अर्जही तयार ठेवा, पण रजेवर जा शेवटच्या पंधरा दिवसांतच. ना हरकत प्रमाणपत्र लागणार असेल, तर त्याचा अर्ज मात्र फॉर्म भरतानाच द्या, ते कागद टेबलांवर रेंगाळतात.

त्या पंधरा दिवसांत नवं पुस्तक उघडायचं नाही. रोज परीक्षेच्या वेळेलाच एक पूर्ण पेपर आणि दुपारी चुकांची वही. परीक्षा केंद्र दुसऱ्या गावी आलं तर आदल्या दिवशीच पोचा.

पूर्व झाल्यावर आठ दिवस पूर्ण सुट्टी घ्या, घरच्यांना घेऊन कुठेतरी जाऊन या. उत्तरतालिका एकदाच जुळवून पाहा. निकालाला वेळ लागतो, आणि कट-ऑफच्या चर्चांत तो सगळा काळ निघून जातो. त्यापुढच्या सोमवारी सकाळी साडेपाचला मुख्य परीक्षेचं पहिलं उत्तर लिहायला बसा, निकाल काहीही येवो.